हंगामापुरता आचारी

माणसाची खरी ओळख त्याच्या घरात पटत नाही, देवळात तर मुळीच नाही. ती पटते तो परक्या छपराखाली, परक्या हातचे, एकटा जेवायला बसतो तेव्हा. हा विचार मला परभणीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, एका हॉटेलात भर दुपारी सुचला, आणि त्याच्या भाराने मी थोडा वेळ डोळे मिटून बसलो. उघडले तेव्हा शेजारचा एक अनोळखी शेतकरी माझ्या ताटातली हिरवी मिरची खात होता. "तुमी खाईनात मनून घेतली," तो म्हणाला. माझा विचार बरोबर होता. फक्त ओळख पटली ती त्याची आणि मिरची गेली ती माझी.

आज हे आठवायला कारण झाला कापूस. सकाळी चष्मा पुसायला घेतला तर काचेवर रुईचा एक तंतू. खिडकीबाहेर पाहिले तर बाभळीच्या काट्यांनी जाणाऱ्या गाड्यांतून ओरबाडून घेतलेला कापूस फांद्यांना लोंबतो आहे. दिवाळी उलटली की परभणीची हवा अशी होते. तंतू नाकात जातो, चहात पडतो, कपाळाच्या घामाला चिकटून बसतो. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा आणि बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा एकमेकांशी भांडत असतात. सरकीचा तेलकट वास आणि शेणाचा वास यांची मात्र जुनी दोस्ती. निझामाचे राज्य गेले, भोंगा बदलला, काही गाड्यांच्या जागी मालमोटारी आल्या. वास तोच आहे. आणि तो आला की माझ्या जिभेवर येसराच्या आमटीची चव येते. मग दिवसभर दुसरे काही गोड लागत नाही.

मी तेव्हा, निझामाच्या अमलात, शाळेत मास्तर होतो. मराठी पोरांना गोदावरीचा उगम उर्दूतून शिकवीत असे. पोरांना उगम कळत नसे आणि मला उर्दू. बिनलग्नाचा होतो, त्यामुळे दोन्ही वेळचे जेवण अप्पाच्या हॉटेलात. हॉटेलच्या नावात 'विलास' हा शब्द होता. विलास म्हणजे डगमगणारी बाकडी, एक रांजण, धुराने काळे झालेले आढे आणि दारापेक्षा रुंद पाटी. पाटीवर वर उर्दू आणि खाली मराठी होते. रंगाऱ्याला दोन्हीकडून शेवटचे अक्षर बसवता आले नव्हते. गल्ल्याच्या वर निझाम सरकारांची तसबीर होती. भज्यांच्या तळणाने ती दर हंगामात थोडी अधिक तेलकट होई. सरकारांच्या तोंडावरून फडके फिरवायची अप्पाची हिंमत नव्हती आणि तशीच ठेवायचीही नव्हती, म्हणून तो तिला अधूनमधून झेंडूचा हार घाली. हार सुकला की सरकार आणखी उदास दिसत.

युद्धाचे दिवस होते. साखर दिसत नसे, चहा गुळाचा असे, आणि तो फाटला तरी लोक तक्रार न करता चावून पीत. अप्पाचे वरण इतके पातळ की ताटाचा तळ त्यातून स्वच्छ दिसे, आणि ताट स्वच्छ नाही हेही दिसे. तरी हंगामात हॉटेल भरलेले. जिंतुराकडचे, सेलूकडचे, ताडकळसचे शेतकरी गाड्या मोंढ्यात लावून येत, धडप्यात बांधलेली भाकरी बाकावर सोडत आणि अप्पाकडून फक्त वाटीभर वरण घेत. आत बाकड्यावर कोण बसणार, बाहेर ओट्यावर कोण, आणि कुणाच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, हे कुणी कुणाला सांगितलेले नव्हते आणि सगळ्यांना पाठ होते. हॉटेल ही चीज आमच्याकडे नवी होती. तिला बसवले मात्र जुन्याच पाटावर.

त्या बाकड्यावर, रांजणाला पाठ लावून, जिंतुराकडच्या बोरीचे तात्या बसत.

तात्या हे सुभद्रावहिनींचे वडील. सुभद्रावहिनी म्हणजे माझ्या घरमालकाची बायको. मालक जिनात फिटर होता, हंगामात घरी फक्त झोपायला येई. सासूसासरे गावाकडे. घरात वहिनी आणि त्यांच्या दोन चिमुरड्या मुली, आणि पुढच्या खोलीत मी. हॉटेल आणि ते घर एकाच गल्लीत होते. वहिनींच्या चुलीचा धूर वाऱ्याने अप्पाच्या दारात जाई.

तरीही तात्या हॉटेलात जेवत. आमच्या भागात तेव्हा सर्रास रीत होती: ज्या घरी मुलगी दिली त्या घरचे अन्न खायचे नाही, पाणीही प्यायचे नाही, तिला मुलगा होईपर्यंत. दान दिलेल्या ठिकाणचे परत घ्यायचे नाही, असा त्याचा अर्थ सांगत. दोन नाती झाल्या होत्या, पण त्या हिशेबात धरत नसत. तात्या गाडी सोडली की आधी लेकीच्या दारात येत. ओट्यावर बसत. नातींना हरभऱ्याचे ढाळे, बोरे, एखादे वेळी फडक्यातला हुरडा देत. वहिनी चौकटीला टेकून उभ्या. बैल कसा आहे, विहिरीला पाणी किती, धाकट्या भावाची बायको नांदते की नाही, सगळे विचारून होई. बोलून बोलून म्हाताऱ्याच्या घशाला कोरड पडे. मग ते उठत आणि पाणी प्यायला हॉटेलात जात.

हे मी दर खेपेला पाही. पाण्याने भरलेला माठ आतल्या दाराशी, त्याच्यावर चकचकीत तांब्या, आणि तहानलेला माणूस तिथून उठून गल्लीच्या टोकाकडे चाललेला. धर्म या विषयावर मी बरेच वाचले होते. त्यात या चालण्याचा उल्लेख कुठे नव्हता.

एके दिवशी वहिनींनी मला दारात अडवले. "मास्तर, अप्पाची आमटी कशी असती?"

"पाण्यासारखी," मी म्हणालो. "पण पाणी बरे असते."

त्या हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून आत गेल्या. संध्याकाळी पुन्हा आल्या, तेव्हा सगळे ठरवून आल्या होत्या. "एक काम हाय. कुणाला बोलू नका. मी आमटी करून देते. तुमी अप्पाला द्या. अप्पानं तात्याला वाढावी. हॉटेलातली मनून."

"आणि त्यांना कळले तर?"

"कळायलंय कशाचं? हॉटेलात कुणी इचारून खातं का, कुणाची चूल हाय मनून?"

अप्पाकडे हा प्रस्ताव घेऊन मीच गेलो. तो भजी तळत होता. झारा तसाच हवेत धरून त्याने ऐकून घेतले.

"म्हाताऱ्याचा नेम मोडला तर पाप कुणाच्या माथी, मास्तर?"

"तुमच्या, माझ्या, वाटून घेऊ."

"तुमचं काय, तुमी शिकलेले. तुमाला पाप लागत न्हाई." त्याने भजी निथळली. बराच विचार केला. मग त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या काझीने निवाडा द्यावा तसे तेज आले. "फुकट घेतली तर लेकीची. मी तिला गूळ दिला तर बदल्यात घेतल्याली. आन् एकदा का माझ्या पातेल्यात पडली, की माझी."

इतक्या थोड्या वेळात, इतक्या कमी धुरात शास्त्राचा असा निकाल लागलेला मी पुन्हा पाहिला नाही. गुळाचा खडा मी वहिनींना दिला. त्यांनी तो मुलींच्या हातावर ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी तात्यांच्या वाटीत येसराची आमटी पडली.

येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे पीठ. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला त्याची आमटी होते. पण येसर सगळ्यांचे एक नसते. कुणी बाजरी जास्त भाजते, कुणी धण्यावर हात सोडते, कुणी खोबरे काळे होईपर्यंत थांबते. मुलगी सासरी जाते तेव्हा दागिने सासरच्या पसंतीचे होतात, नाव बदलते, पण येसर आईचेच राहते. वहिनींची आई जाऊन काही वर्षे झाली होती.

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला. चावणे मध्येच थांबले. मी समोर बसलो होतो आणि ताटाकडे फार लक्ष देऊन पाहत होतो. तात्यांनी पुन्हा चावायला सुरुवात केली, सावकाश, जसे काही खड्यांचे धान्य आहे. मग रिकामी वाटी पुढे केली. त्यांनी दुसऱ्यांदा काही मागितल्याचे हॉटेलाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"अप्पा, आचारी बदलला का?"

"हंगामापुरता ठिवलाय," अप्पा म्हणाला. सराईत होता.

"गडी कुठला?"

"तुमच्याच अंगाचा हाय. जिंतुराकडला."

"हां," तात्या म्हणाले. "हात बरा हाय त्याचा."

मग तो हंगाम सुरू झाला ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. तात्यांच्या गाड्या एरवीपेक्षा जास्त वेळा येऊ लागल्या. आधी जो कापूस एका फेरीत येई तो थोडाथोडा येऊ लागला. भाव पाहून विकतो, असे ते सांगत; भाव तर पडत चालले होते. थंडी वाढली. सकाळी मोंढ्यात शेकोट्यांचा धूर जमिनीला धरून राही आणि त्यातून फक्त बैलांची शिंगे दिसत. दुपारी अप्पाच्या दारातून उन्हाची एक तिरपी पट्टी बाकड्यावर पडे, तिच्यात रुई तरंगे, आणि त्या पट्टीत तात्यांचा हात वाटीकडे जाई आणि येई.

जेवून झाले की ते आचाऱ्याला निरोप ठेवत. "आचाऱ्याला सांगा, मीठ जरा मागं पडलं." मी सांगे, दुसऱ्या खेपेला मीठ बरोबर. "आचाऱ्याला सांगा, चटणीत लसूण लय नको, तोंड आलंय." तिकडून वहिनी विचारत, "मास्तर, तात्या खोकायलेत का वो?" मी सांगे, खोकतात. मग आमटीत मिरी जास्त. म्हाताऱ्याच्या लक्षात येई आणि तो म्हणे, "आचारी हुशार हाय." एकदा थंडी फार पडली होती तेव्हा जाता जाता म्हणाले, "आचाऱ्याला मनावं, सकाळच्या पारी डोक्याला बांधत जा. गार वारं बाधतं."

ते गेल्यावर अप्पा माझ्याकडे बघत राहिला. "म्हातारा खुळा झाला का काय? आचाऱ्याला कुणी सांगतं का, डोकं बांध मनून?"

वहिनींना मी निरोप जसाच्या तसा दिला. त्या दिवसापासून त्या सकाळी झाडायला बाहेर येत तेव्हा डोक्याला फडके असे.

बापलेकीचे बोलणे ओट्यावरही चालूच होते, पण तिथे बैल आणि विहीर. खरे बोलणे वाटीतून होई. मी मधला टपालवाला. आजही हॉटेलात गेलो की मला वाटते, इथल्या आमट्यांना एवढेच कमी आहे: त्यांना कुणाला काही सांगायचे नसते.

चांगली चीज लपत नाही, आणि हॉटेलात तर नाहीच. शेजारच्या बाकड्यावरच्यांना वास आला. त्यांनी मागितली. अप्पाने नाही म्हणून पाहिले, मग थोडी वाढली. वहिनी जास्त करू लागल्या. तात्यांची वाटी बाजूला काढून बाकीची अप्पाची, असा करार झाला. मोंढ्यात आमटीचे नाव झाले. अडते आले, त्यांचे मुनीम आले, कचेरीतले कारकून आले. एक वकीलसाहेब आले, ज्यांनी आयुष्यात बाकड्यावर बूड टेकले नव्हते; त्यांनी रुमाल अंथरला. खाऊन झाल्यावर म्हणाले, "लाजवाब." अप्पाने त्यांना आचाऱ्याविषयी इतक्या गोष्टी सांगितल्या की तो आचारी हैदराबादेत कुण्या नवाबाकडे होता असेही निघाले. मी ते ऐकत बसलो होतो. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नवाबाचा आचारी धाकटीचे नाक पुसत होता.

संक्रांतीच्या आसपास हंगाम उतरणीला लागला. तात्यांची शेवटची गाडी आली. आता पुढच्या दिवाळीशिवाय ते येणार नव्हते, म्हणून वहिनींनी त्या दिवशी पहाटेपासून चूल सोडली नव्हती. पातेले मीच नेले. मोठे होते, झाकणाच्या कडेने तर्री सांडू नये म्हणून कणीक लावली होती.

मी हॉटेलात पोचलो आणि मागोमाग पट्टेवाला आला. दौऱ्यावर कुणी बडे साहेब आले होते, डाक बंगल्यावर उतरले होते. त्यांच्या कानावर आमटीची तारीफ गेली होती, बहुधा रुमालवाल्या वकिलांकडून.

"साब कू वो आमटी होना," पट्टेवाला म्हणाला.

"देतो की. वाटीत देऊ का गडव्यात?"

"पूरी होना. साब के साथ लोगां हैं."

अप्पाने माझ्याकडे पाहिले, तसबिरीकडे पाहिले. "एक वाटी ठिवू द्या, भाऊ. गिऱ्हाइकाची हाय."

"गिऱ्हाईक बडा या साब बडा?"

या प्रश्नाला त्या काळात एकच उत्तर होते. अप्पाचे हॉटेल ज्या कागदावर चाले त्यावर असल्याच कुणा साहेबाची सही लागे. कणीक लावलेले झाकण न उघडताच पातेले गेले.

तात्या आले तेव्हा जेवणाची वेळ टळत आली होती. रांजणाला पाठ लावून बसले. अप्पाने घाईघाईने आपले वरण तिखट घालून तांबडे केले होते, ते वाढले. तात्यांनी घास घेतला. हात ताटावरच थांबला.

"अप्पा, आचारी?"

"हाय की."

"मग ही कुणाच्या हातची?"

अप्पा हंगामभर किती सहज खोटे बोलला होता. साहेबाच्या शिपायाने पातेले उचलून नेले, एवढे खरे सांगितले असते तर काही बिघडत नव्हते. पण चार माणसांत आपल्या हॉटेलातून आपलेच अन्न कुणी असे उचलून नेले हे सांगायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "आज आचाऱ्याला बरं न्हाई."

तात्या उठले. हात न धुता उठले. पायताण न घालता बाहेर पडले. मी त्यांच्या मागे गेलो, पण म्हातारा चालत नव्हता, जवळजवळ पळत होता, आणि गल्लीतली माणसे बाजूला होत होती. लेकीच्या दारात जाऊन त्यांनी हाक मारली. "सुभद्रे! बाई, काय झालं गं तुला?"

वहिनी आतून आल्या. डोक्याला फडके, हाताला पीठ, चेहरा चुलीने लाल झालेला. ठणठणीत.

"मला काय झालंय? बरी हाय की मी. कुणी सांगितलं?"

"अप्पा मनला, आचाऱ्याला बरं न्हाई..." तात्या बोलले आणि थांबले.

वाक्य तिथेच राहिले. दोघांनीही ते ऐकले होते. मी ओट्याच्या खाली उभा होतो. मला वाटले, आता दोघे हसतील. हसण्यासारखेच होते. वहिनी तर हसायच्या बेतात आल्याही होत्या. त्या वळल्या, माठावरचा तांब्या भरून आणला आणि म्हणाल्या, "हात खरकटा हाय, तात्या. पाणी घालते."

तात्यांनी हात पुढे केला. तांब्या कलता झाला. आणि म्हाताऱ्याने हात मागे घेतला. धोतराच्या सोग्याला पुसला.

"तात्या, एवढा हंगाम जेवलाच की."

"तवा हॉटेलात जेवलो, बाई."

"आन् आता?"

"आता बोललो ना मी तोंडानं. कळलंय मनल्यावर कसं खावं?"

वहिनींनी तांब्या खाली ठेवला. दोघी मुली ओट्यावर बसून बोरे खात होत्या, त्यांतल्या थोरलीने एक बोर आजोबांपुढे धरले. ते त्यांनीच आणलेले होते, म्हणून त्यांनी घेतले.

पुढच्या दिवाळीला तात्या आले ते भाकरी आणि चटणी घरून बांधून. गाडीच्या सावलीत बसून खात. अप्पाच्या हॉटेलात त्यांनी पाऊल टाकले नाही; अप्पावर राग होता म्हणून नव्हे, तिथे आता पुन्हा न कळणे जमणार नव्हते म्हणून. ओट्यावर बसत, बैल आणि विहीर बोलत. निरोप उरले नाहीत. वहिनी मला विचारीत, "खोकला कसा हाय?" मी सांगे, आणि ते ऐकून करण्यासारखे त्यांच्याजवळ काही नसे. मग रझाकारांचे दिवस आले, रस्ते बंद झाले, मोंढ्यात गाड्या येईनात. त्या वर्षी थंडीत तात्या बोरीलाच वारले. वहिनींना मुलगा झाला तो नंतर, राज्य बदलल्यावर. बारशाला मोठे जेवण होते. येसराची आमटी होती. माहेरकडून भाऊ आला होता, पाटावर बसला, भरपूर जेवला. रीतीने आता सगळे मोकळे झाले होते.

रीती माणसेच करतात आणि माणसेच त्यांना पळवाटा काढतात. पळवाट चांगली रुंद होती, एक पूर्ण हंगाम चार माणसे तिच्यातून आरामात गेली. ती बुजवली एका बापाने, लेक आजारी आहे असे वाटून. त्याने जरा कमी काळजी केली असती तर आणखी काही वर्षे जेवला असता. याला मी काय म्हणावे हे मला अजून कळलेले नाही, आणि जे लोक अशा प्रसंगी मोठमोठे शब्द वापरतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

डाक बंगल्यावर गेलेल्या पातेल्याचे काय झाले, हे मी अप्पाला पुष्कळ वर्षांनी विचारले. तो म्हणाला, दुसऱ्या दिवशी पट्टेवाल्याने ते परत आणून दिले. झाकणाची कणीक तशीच होती. साहेबांना पित्ताचा त्रास होता.